थोडक्यात सांग

सोमवार, ३
मोठ्या बाईंनी आज मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं. वरून परिपत्रक आलं आहे. नववीला आठवड्यातून दोन तास ‘शांतता शिक्षण’ द्यायचं, आणि शुक्रवारी २८ तारखेला तपासनीस येऊन तास बघणार. बाई म्हणाल्या, "सर, हे तुम्हीच घ्या. अख्ख्या शाळेत तुमच्या वर्गाइतकी शांतता कुठेच नसते."

चोवीस वर्षं भूमिती शिकवतो आहे. माझ्या वर्गात कंपास उघडल्याचा आवाज आला तर मुलं स्वतःहून उभी राहतात. याची दखल आज पहिल्यांदा घेतली गेली. परिपत्रकासोबत एक पुस्तिका आहे. मुखपृष्ठ वाचलं. विषय सोपा आहे.

नवा विषय, म्हणून ही नवी दैनंदिनी. ज्या दिवशी काही घडणार नाही त्या दिवशी लिहायचं नाही.

घरी शांतता. स्वयंपाकघरातून "चहा ठेवला आहे" असं ऐकू आलं. घेतला.

बुधवार, ५
पहिला तास. फळ्यावर व्याख्या लिहिली: ‘जिथे आवाज नाही, त्या स्थितीस शांतता म्हणतात.’ मुलांनी उतरवून घेतली. उरलेली पंचवीस मिनिटं प्रात्यक्षिक केलं, म्हणजे सगळे गप्प बसलो.

शेवटच्या पाच मिनिटांत एक हात वर आला. ही मुलगी पहिलीपासून हात वर करते आहे. शिक्षक खोलीत तिला सगळे ‘शंका’च म्हणतात. तिनं विचारलं, "सर, दोन माणसं भांडली आणि मग एकमेकांशी बोलायचीच बंद झाली, तर ती शांतता का?"

मी म्हणालो, "एका प्रकारची आहेच."

"पण सर, समजा त्यातल्या एकाला आतून..."

"थोडक्यात सांग," मी म्हणालो. ती खाली बसली. तास छान झाला.

शनिवार, ८
या दैनंदिनीत खरं तेच लिहायचं असं ठरवलं आहे, म्हणून हेही लिहितो. माझ्यात आणि हिच्यात चौदा महिने अबोला आहे.

भांडण झालेलं नाही. ही पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढते. त्या दिवशी शाळेतले दोघं सहकुटुंब चहाला आले होते आणि ही त्यांना हरवलेल्या कुठल्याशा नळाची हकीकत सांगत होती. हकीकत काही केल्या संपेना. पाहुण्यांच्या कपात साय धरली. मी म्हणालो, "थोडक्यात सांग." ती म्हणाली, "सापडला." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मग मीही बोललो नाही. वर्तुळ ज्यानं काढायला घेतलं त्यानंच ते पुरं करावं, असं माझं मत आहे.

खरं सांगायचं तर तेव्हापासून घरात आवाज चढलेला नाही, की भांडं आपटलेलं नाही. वर्गात उदाहरण म्हणून सांगता आलं असतं, पण घरातल्या गोष्टी बाहेर कशाला न्यायच्या.

आज स्वयंपाकघरात सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या आहेत. साखर. मीठ. चहा. हिचं अक्षर नकाशावरचं, एकेक अक्षर पट्टीनं आखल्यासारखं. टापटीप वाढते आहे.

सोमवार, १०
शंका आणि तिच्या शेजारची चष्मेवाली यांचं बिनसलं आहे. पाचवीपासून एका बाकावर बसतात, मधल्या सुट्टीत एकाच डब्यातून खातात, पण आठवडाभर एकमेकींचं तोंड बघत नाहीत. बाकावर कर्कटकाच्या टोकानं मधोमध रेघ मारली आहे. रेघ मारणं चूक, म्हणून दोघींना एकेक तास उभं केलं. पण रेघ अगदी सरळ आहे आणि बाकाचे बरोबर दोन समान भाग झाले आहेत. दोघीही आता वर्गात अवाक्षर काढत नाहीत.

शांततेच्या तासाला मी त्यांचं उदाहरण दिलं. "मतभेद आहेत, पण आवाज आहे का? नाही." चष्मेवालीनं चष्मा काढून बराच वेळ पुसला.

गृहपाठ: ‘आमच्या घरातली शांतता’, दहा ओळी.

गुरुवार, १३
शिक्षक खोलीत भाषेच्या बाईंनी माझं पाठ टाचण न विचारता उचललं आणि मोठ्यानं वाचलं. "शांतता राखली जावी. आवाज टाळला जावा. मतभेद बाजूला ठेवले जावेत." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कोणी?"

"कोणी म्हणजे?"

"कोणी राखावी? कोणी टाळावा? सर, या पानभर मजकुरात माणूस कुठे आहे? सगळी वाक्यं कर्मणी नाहीतर भावे. कर्ता गायब."

मी म्हणालो, शास्त्रीय लेखन असंच असतं. त्या म्हणाल्या, "शास्त्रीय कसलं! अबोल्याची भाषा आहे ही. आमच्या काकूंचं आणि काकांचं आठ वर्षं असं चाललं होतं. ‘पान वाढलं आहे.’ ‘दार लावून घ्यावं.’ कोणी म्हणायचं, कोणाला म्हणायचं, काही पत्ता नाही. काय पण शुद्ध व्याकरण होतं त्या घरात!" आणि स्वतःच हसल्या.

घरी आल्यावर मोजलं. झोपेपर्यंत एकूण सात वाक्यं बोलली गेली. ‘गिझर चालू केला आहे.’ ‘उद्या पाणी उशिरा येणार आहे.’ वगैरे. एकातही कर्ता नव्हता. म्हणजे पाणी होतं, पण पाण्याला मी कर्ता धरत नाही. बाईंना आमच्या घरातलं कोण सांगतं?

शुक्रवार, १४
जेवणाच्या टेबलावर माझ्या खुर्चीसमोर एक सरकारी पत्र ठेवलेलं होतं, वर काचेचं वजन. ‘विषय: बदलीबाबत’ एवढं दिसलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे मी मुलांना दरवर्षी सांगतो. हिच्या कचेरीत कोणाची तरी बदली झालेली दिसते. ताट थोडं बाजूला ओढून जेवलो.

मंगळवार, १८
गृहपाठ तपासले. बत्तीस मुलांनी लिहिलं की त्यांच्या घरी पूर्ण शांतता असते. हे खोटं आहे, कारण त्यांच्या पालकांना मी ओळखतो. शंकानं लिहिलं: ‘आमच्या घरी फार आरडाओरडा असतो. भाऊ ओरडतो, आई त्याच्यावर ओरडते, आजी दोघांवर. पण कोणी गप्प झालं की आई हातातलं काम टाकून विचारते, काय झालं? आमच्याकडे गप्प बसायची सगळ्यांना भीती वाटते.’ विषय सोडून लिहिल्याबद्दल दहापैकी चार दिले. नंतर पाच केले. कारण सांगता येणार नाही, पण अक्षर बरं होतं.

घरात चिठ्ठ्या वाढल्या आहेत. विजेच्या पेटीत प्रत्येक बटणाखाली: ‘पंखे’, ‘पाण्याचा पंप’, ‘याला हात लावू नये’. माझ्या गोळ्यांच्या पाकिटावर: ‘रक्तदाब. सकाळी. पोट रिकामं नको.’ फोनवरसुद्धा एक आहे: ‘वाजल्यास उचलावा.’ हे मला माहीत होतं.

बुधवार, १९
संध्याकाळी मुलीचा फोन. ती दुसऱ्या गावी नोकरी करते. तिनं विचारलं, "बाबा, आई काही बोलली का तुझ्याशी?"

मी म्हणालो, "नाही, सगळं शांत आहे."

"टेबलावरचं पत्र बघितलंस?"

"मी दुसऱ्यांची पत्रं वाचत नाही."

"बाबा!" ती म्हणाली. मग म्हणाली, "आईकडे दे." ही फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. चौदा महिन्यांत हिला एवढं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं. उगाच दारापाशी थोडा वेळ उभा राहिलो. पेपर शोधत होतो.

रविवार, २३
माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली गेली, पुसली गेली, उन्हात ठेवली गेली. वार्षिक साफसफाई लवकर सुरू झाली आहे.

जेवताना मनात पाल चुकचुकली, पण नेमकं कशाबद्दल ते कळलं नाही. पत्र अजून टेबलावरच आहे. मी आता सवयीनं डाव्या कोपऱ्यात जेवतो.

गुरुवार, २७
उद्या तपासनीस येणार म्हणून शेवटी पुस्तिका उघडली. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या की ते पान नंबर सांगून प्रश्न विचारतात. व्याख्येचा कुठे पत्ताच नाही. पान सातवर ‘कृती: पूर्ण ऐकणे’ असा मथळा आहे. ज्यांचं बिनसलं आहे अशा दोघांनी समोरासमोर बसायचं. एकानं आपली बाजू सांगायची, दुसऱ्यानं ऐकायची आणि तीच बाजू आपल्या शब्दांत परत सांगायची, पहिला ‘हो, असंच’ म्हणेपर्यंत. मग उलट. खाली चौकटीत शिक्षकांसाठी सूचना आहे: ‘ऐकणाऱ्याने मध्ये बोलू नये. “थोडक्यात सांग” असे म्हणू नये. ज्याचे सांगणे तोडले जाते तो पुढे सांगणेच सोडतो. त्यास शांतता समजू नये.’

हे मी दोनदा वाचलं. छपाईची चूक वाटत नाही.

तास होता म्हणून शंका आणि चष्मेवालीला समोर बसवलं. मला वाटलं होतं पाच मिनिटांत आटपेल. चष्मेवालीनं आधी दप्तर मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "हिनं माझा कर्कटक मोडला." शंका म्हणाली, "हिचं म्हणणं, मी कर्कटक मोडला." चष्मेवाली म्हणाली, "नाही, असं नाही." वर्ग पुढे सरकला. मोडल्याचं तिला काहीच वाटलं नव्हतं. मोडल्यावर शंका ‘दुसरा घे ना’ म्हणाली होती. तो कर्कटक तिच्या थोरल्या बहिणीचा होता, आणि लग्न होऊन जाताना तिनं तो चष्मेवालीच्या हातात दिला होता. हे ती सांगायला लागली होती तेवढ्यात घंटा झाली आणि शंका डबा उचलून निघून गेली. "मग मी ठरवलं, हिला आता काही म्हणजे काही सांगायचं नाही."

शंकाला ते चार वेळा परत सांगावं लागलं. चौथ्या वेळी सांगता सांगता ती रडायला लागली. चष्मेवाली म्हणाली, "हो, असंच," आणि तीही रडायला लागली. मग बाकीच्यांनाही आपापली भांडणं आठवली आणि सगळा वर्ग एकदम बोलू लागला. शेजारच्या वर्गातून निरोप आला की आवाज कमी करा. माझ्या वर्गाबद्दल असा निरोप चोवीस वर्षांत पहिल्यांदा आला. मी ‘गप्प’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

शुक्रवार, २८
तपासनीस मागच्या बाकावर बसले. मुलांना तीच कृती हवी होती. अकरा जोड्या झाल्या. एकीनं सांगितलं, "सर, माझं तुमच्याशीच बिनसलंय," आणि मला समोर बसावं लागलं. गणिताच्या पेपरातल्या दोन मार्कांचं प्रकरण होतं. तिचं म्हणणं मला तीन वेळा परत सांगावं लागलं. मार्क वाढवून द्यावे लागले.

तपासनीसांचा शेरा, जसाच्या तसा: ‘शांततेच्या तासास वर्गात शांतता आढळली नाही.’

मोठ्या बाईंच्या कपाळाला आठ्या. सोमवारी लेखी खुलासा द्यायचा आहे. आश्चर्य म्हणजे मला फारसं वाईट वाटलं नाही.

शनिवार, २९
सकाळी पत्र वाचलं.

दुसऱ्याचं पत्र मी आजही वाचलं नसतं. पण ते पंधरा दिवस माझ्याच खुर्चीसमोर, माझ्याकडे तोंड करून ठेवलेलं होतं. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्या माणसाला एखादी गोष्ट सांगायची तर आणखी कशी सांगणार? मी पंधरा दिवस ताट त्याच्या बाजूला ओढून जेवत होतो.

हिची बदली झाली आहे. बस चार तासांची. नकाशा विभागाची प्रमुख. ‘आपल्या विनंतीनुसार’ असं लिहिलं आहे. एक तारखेला, म्हणजे परवा, रुजू व्हायचं आहे.

मग घरभर फिरून सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. मीठ. चहा. पोट रिकामं नको. टापटीप नव्हती ती. मागे राहणाऱ्याला घर समजावून दिलं होतं.

मला भीती वाटली. ही निघून जाईल आणि या घरात इतकी शांतता होईल की ‘चहा ठेवला आहे’ एवढंही कोणी म्हणणार नाही.

ही दिवसभर कचेरीत, निरोप समारंभ होता. मी वहीत वाक्यं करून पाहिली. ‘बस किती वाजता आहे?’ कर्ता बस. खोडलं. ‘जायलाच हवं का?’ कोणी? खोडलं. ‘पत्र वाचण्यात आलं आहे.’ हे वाचून माझं मलाच हसू आलं आणि मग हसू येईना. संध्याकाळी ही आली. स्वयंपाकघरातून ऐकू आलं, "जेवण वाढलं आहे." जेवलो. एक वाक्य जमलं नाही. चोवीस वर्षं मी लोकांच्या मुलांना तोंडी परीक्षेत गप्प उभं राहिल्याबद्दल शून्य दिलं आहे.

रविवार, ३०
ही बॅगेची चेन लावत होती. पाठ माझ्याकडे. मी दारात उभा होतो.

"अगं," मी म्हणालो.

चेन अर्ध्यावर थांबली.

"त्या दिवशी तू नळाचं काय सांगत होतीस?"

"कुठल्या दिवशी?" ती वळली नाही.

"पाहुणे आले होते तेव्हा. मी मध्येच बोललो. मी चुकलो."

"सापडला म्हणून सांगितलं होतं की."

"तू तो कसा शोधलास, ते राहिलं."

तिनं घड्याळ बघितलं. "सव्वातीनची बस आहे. गोष्ट मोठी आहे."

"मोठीच सांग."

ती पलंगाच्या कडेला बसली. मग तिनं सांगायला सुरुवात केली आणि मी ऐकलं. बॅग मी उचलली तेव्हाही ती सांगत होती. रिक्षात सांगत होती. स्टँडवरच्या बाकावर सांगत होती. तो नळ म्हणजे दोन टाक्यांमधली मुख्य वाहिनी, आणि ती कुठल्याच नकाशावर नव्हती. कचेरीतले सगळे म्हणत होते की ती नाहीच. हिला खात्री होती की आहे, कारण पाणी येत होतं. एका निवृत्त चावीवाल्याला, म्हणजे पाणी सोडणाऱ्या कामगाराला, ती शोधून काढून घेऊन आली. त्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं. तो लोखंडी गज जमिनीला लावून दुसऱ्या टोकाला कान देई आणि खालून पाणी कुठे जातं ते सांगे. दोघं तीन दिवस रस्त्यानं अशी चालली. लोक थांबून बघायचे.

मध्ये मी म्हणालो, "म्हणजे ती वाहिनी बारा वर्षं नकाशावर नव्हती."

"बावीस."

"बावीस वर्षं नव्हती, आणि तू एकटीच म्हणत होतीस की आहे."

"हो," ती म्हणाली. "असंच." आणि रुमाल शोधायला लागली. तो माझ्याच खिशात होता.

त्या दिवशी पाहुण्यांना ती सांगणार होती की आजवर काढलेल्या हजारभर नकाशांपैकी ज्याच्यावर तिचं नाव छापलं गेलं असा पहिला नकाशा या वाहिनीचा. तेवढ्यात मी थोडक्यात सांग म्हणालो.

गोष्टीत ती आणि चावीवाला पुलावर पोचले होते तेव्हा बस आली.

मी म्हणालो, "तू जाऊ नयेस असं मला वाटतं."

ती म्हणाली, "मला जायचंय. ही जागा मी मागून घेतली आहे. आधी तुमच्यापासून लांब जायचं म्हणून मागितली, पण आता मला ती जागाच हवी आहे."

मला हे तोडायचं होतं. पण मी परत सांगितलं, "तुला जायचंय. आधी माझ्यामुळे मागितलीस, आता तुला ती जागाच हवी आहे."

"हो, असंच." ती पायरीवर चढली. "अहो, गोळी पोट रिकामं असताना घेऊ नका."

चौदा महिन्यांनी ‘अहो’. मी स्टँडवर बस दिसेनाशी झाल्यावरही उभा होतो. नंतर आणखी एक बस गेली, दुसऱ्याच गावाची, तिच्याकडेही बघत होतो.

घरी येऊन उद्याचा खुलासा लिहिला. ‘वर्गात शांतता नव्हती, कारण मुले बोलत होती. मी त्यांना बोलू दिले.’ सही केली. मग चहा केला. डबे पटापट सापडले.

साडेआठला फोन वाजला. मी उचलला. भाषेच्या बाई म्हणतील, हाही कर्मणीच. असू दे, कर्ता आहे.

"अहो, पोचले," ती म्हणाली. "खोली बरी आहे. हां, तर आपलं कुठवर आलं होतं?"

"पुलावर," मी म्हणालो. "त्यानं तुझ्या हातात गज दिला होता आणि तू कान लावला होतास. मग तुला काय ऐकू आलं?"